आधी प्रश्न लिही, मग प्लेट ओत

प्रश्न : मॅडम, मी तालुक्याच्या कॉलेजातून बी.एस्सी. केलं. दहावीपर्यंत मराठी माध्यम. यंदा विद्यापीठाच्या विभागात एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजीला प्रवेश मिळाला, घरी सगळ्यांना फार आनंद झाला. पण पहिल्याच आठवड्यात संशोधन पद्धतीच्या तासाला प्रत्येकाला एक पेपर (छापून आलेला शोधनिबंध) दिला आणि पंधरा दिवसांनी त्यावर दहा मिनिटं बोलायला सांगितलं. माझा पेपर चौदा पानांचा आहे. रात्री जागून वाचला, तरी पहिलं पानसुद्धा नीट कळलं नाही. वर्गात शहरातल्या कॉलेजांतून आलेली मुलं धडाधड इंग्रजी बोलतात. सीनियर म्हणतात, टेन्शन घेऊ नको, प्रकल्पासाठी एखादा जुना प्रबंध घ्यायचा, वनस्पती बदलायची, लिहायला एआय आहेच. मला तसं करायचं नाही, पण मग काय करायचं तेही माहीत नाही. आधी इंग्रजीचा क्लास लावू का? संशोधनाची आणि लिहिण्याची तयारी आत्तापासून कशी करू?
– एक विद्यार्थिनी, जि. नांदेड

उत्तर :

प्रिय मुली,

इंग्रजीचा क्लास आत्ता लावू नकोस. पैसे तर वाचतीलच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे संध्याकाळचे ते दोन तास वाचतील आणि ते तुला पुढं सांगणार आहे त्या कामासाठी हवे आहेत. पेपर कळला नाही याचं कारण इंग्रजी आहे, असं तू धरून चालली आहेस. मी बरीच वर्षं एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला शिकवते. उत्तम इंग्रजी बोलणारी मुलंसुद्धा पहिला पेपर वाचताना अशीच अडखळतात. त्यांना शब्द वाचता येतात म्हणून ते अडखळणं दिसत नाही, एवढाच फरक.

अडचण दुसरीच आहे. बी.एस्सी.ला आपण जे प्रात्यक्षिक करतो त्याचं उत्तर आधीच ठरलेलं असतं. ग्रॅम स्टेनिंगमध्ये, म्हणजे जिवाणू रंगवून ओळखताना, ई. कोलाय हा जिवाणू गुलाबीच दिसायला हवा; जांभळा दिसला तर आपलं काहीतरी चुकलं. जर्नलमध्ये आकृती काढायची, निष्कर्ष पुस्तकातला लिहायचा, सही घ्यायची. तीन वर्षं हाताला आणि डोक्याला हीच सवय लागते. एम.एस्सी.चा पेपर मात्र ज्याचं उत्तर कुणालाच माहीत नव्हतं अशा प्रश्नाबद्दल असतो. तो पाठ्यपुस्तकासारखा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला की माणूस हरवतोच. म्हणून तुला सवय बदलायची आहे, भाषा नंतर येते. आणि ही सवय लिहून लिहूनच बदलते. लिहिणं हे संशोधनाच्या शेवटी करायचं काम आहे, असं बहुतेकांच्या मनात असतं. माझं म्हणणं याच्या उलट आहे. लिहिणं प्रयोगाच्या आधी सुरू व्हायला हवं आणि प्रयोग चालू असताना रोज व्हायला हवं. तसं केलंस तर चौथ्या सत्रात ‘प्रबंध लिहायचाय’ हे ओझंच उरणार नाही.

आता आधी तुझ्या हातातला पेपर, कारण तारीख जवळ आली आहे.

तो सुरुवातीपासून वाचू नकोस. शीर्षक वाच आणि थेट प्रस्तावनेच्या शेवटच्या परिच्छेदावर जा. बहुतेक पेपरांत तिथंच लिहिलेलं असतं की या लोकांनी नेमकं काय शोधायचं ठरवलं. तो प्रश्न वहीत मराठीत लिही, एका वाक्यात. मग मजकूर सोड आणि आकृत्या नि तक्ते घे. पहिली आकृती, तिच्याखालचा मजकूर, आडव्या अक्षावर काय, उभ्या अक्षावर काय. या आकृतीसाठी त्यांनी काय केलं ते कार्यपद्धतीच्या भागात शोध. सगळी कार्यपद्धती वाचायची नाही, त्या आकृतीपुरतीच. त्यानंतर निष्कर्षांच्या भागात त्या आकृतीबद्दल लेखक काय म्हणतात ते बघ. अशी एकेक आकृती पुढं सरक. चर्चेचा भाग सगळ्यांत शेवटी वाच, आणि तोही संशय ठेवून वाच.

हे करताना वहीच्या पानावर मधोमध एक उभी रेघ मार. डावीकडे ‘त्यांना दिसलं’, उजवीकडे ‘ते म्हणतात’. बुरशीची वाढ चाळीस टक्क्यांनी घटली, हे डावीकडे. हे संयुग बुरशीच्या पेशीपटलावर हल्ला करतं, हे उजवीकडे, जोवर त्यांनी पेशीपटल प्रत्यक्ष तपासलेलं नाही तोवर. या दोन रकान्यांमधलं अंतर ओळखता येणं हीच संशोधनाची पहिली पायरी आहे, आणि ती पूर्ण मराठीत चढता येते. न कळलेले तांत्रिक शब्द एका बाजूला लिहीत जा. पहिल्या पेपरला असे पन्नास निघतील, त्याच विषयावरच्या पाचव्या पेपरला पाच-सहा. एखाद्या पेपरची भाषा फारच जड वाटली तर त्या विषयावरचा समीक्षा लेख आधी शोध. त्यात आजवरचं काम एकत्र मांडलेलं असतं, त्यामुळे मूळ पेपर वाचायला जमीन तयार होते.

पेपर मिळवण्याची पूर्वीसारखी अडचण आता राहिलेली नाही. पबमेड या जीववैद्यकीय पेपरांच्या ऑनलाइन सूचीवर शोध फुकट आहे, पबमेड सेंट्रलवर लाखो पेपर पूर्ण स्वरूपात फुकट आहेत. शिवाय १ जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारची ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना सुरू झाली. ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिकं केंद्र आणि राज्य सरकारांच्या उच्च शिक्षण संस्थांतल्या विद्यार्थ्यांना वाचायला मिळावीत अशी ती सोय आहे. तुझ्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात जा आणि लॉगिन कसं मिळतं ते विचार. काउंटरवर उत्तर मिळालं नाही तर ग्रंथपालांना भेट. सारांश फुकट दिसतो म्हणून तेवढाच वाचून संदर्भ द्यायची सवय मात्र लावून घेऊ नकोस. सारांशात लेखक आपलं काम सर्वांत चांगल्या प्रकाशात मांडतो. त्याच्या मर्यादा आत असतात.

आता तुझ्या सीनियरांच्या सल्ल्याकडे येते, कारण खरं बोलायचं ते तिथंच आहे.

‘वनस्पती बदलायची’ म्हणजे काय ते मला नीट माहीत आहे. आपल्याकडच्या जीवशास्त्राच्या विभागांत असे प्रबंध कपाटं भरून आहेत : अमुक वनस्पतीच्या पानांच्या अर्काची जिवाणूरोधक क्षमता. पानं वाळवायची, कुटायची, मिथेनॉलमध्ये भिजवायची, अर्क काढायचा, कागदी चकती त्यात बुडवून जिवाणू पसरलेल्या प्लेटवर ठेवायची, दुसऱ्या दिवशी चकतीभोवतीचं स्वच्छ वर्तुळ मोजपट्टीनं मोजायचं. यंदा कडुलिंब, पुढल्या वर्षी अडुळसा, त्यापुढं तुळस. हा विषय मुळात वाईट आहे, असं मी म्हणणार नाही. कमी खर्चात होतो, वनस्पती दाराशी असतात, तंत्र शिकता येतं. वाईट आहे ते एकही प्रश्न न विचारता तो करणं. म्हणून हाच विषय घेऊन दाखवते की प्रश्न कुठं कुठं लपलेले असतात.

पहिला प्रश्न : ही वनस्पती तीच आहे हे कशावरून? गावात एकाच नावानं दोन वेगळ्या वनस्पती ओळखल्या जातात, आणि एकाच वनस्पतीला दोन तालुक्यांत दोन नावं असतात. म्हणून नमुना दाबून, वाळवून, फुलासकट तज्ज्ञाकडून ओळखून घ्यायचा. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, आघारकर संशोधन संस्थेत वनस्पतिसंग्रह आहे. तुझ्या विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागातही जाणकार असतील. नमुना संग्रहात जमा होऊन त्याला क्रमांक मिळाला की तो प्रबंधात लिहायचा. उद्या कुणाला शंका आली तर तो नमुना उघडून बघता येतो.

दुसरा : जिवाणू कशानं मेले? अर्कानं की मिथेनॉलनं? म्हणून एक चकती नुसत्या द्रावकाची हवी, अर्काच्या चकतीइतकीच वाळवलेली. आणि एक चकती माहीत असलेल्या प्रतिजैविकाची, म्हणजे प्लेट नीट काम करते आहे हे कळेल. ही दोन नियंत्रणं नसतील तर बाकी सगळे आकडे निरर्थक आहेत. कौतुकानं बांधलेल्या कितीतरी प्रबंधांत द्रावकाच्या चकतीचा उल्लेखही नसतो, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण त्या मुलामुलींनी कष्ट तेवढेच घेतलेले असतात.

तिसरा : कुठला जिवाणू, आणि किती? ‘विभागातला ई. कोलाय’ असं लिहून चालत नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतला एनसीआयएम संग्रह किंवा चंडीगडचा एमटीसीसी संग्रह इथून क्रमांक असलेला प्रमाणित वाण घेता येतो. किती, याचं उत्तर मॅकफारलंड मानकात, म्हणजे गढूळपणाच्या ठरलेल्या मापात आहे. एक टक्का सल्फ्युरिक आम्ल ९.९५ मिलिलिटर, त्यात १.१७५ टक्के बेरियम क्लोराइड ०.०५ मिलिलिटर : ही गढूळ नळी म्हणजे ०.५ मॅकफारलंड. जिवाणूंचं द्रावण तेवढंच गढूळ केलं की एका मिलिलिटरमध्ये साधारण १५ कोटी पेशी असतात. कुठल्याही महागड्या यंत्राशिवाय हे होतं. हे केलं नाही तर सोमवारी पातळ आणि बुधवारी दाट जिवाणू पसरले जातात आणि वर्तुळं आपोआप लहानमोठी होतात. प्लेटमधल्या ॲगारचा, म्हणजे जिवाणू ज्यावर वाढतात त्या जेलीचा, थरही तसाच. मानक पद्धतीत तो ४ मिलिमीटर जाडीचा धरतात; पातळ ओतलास तर वर्तुळ मोठं येतं.

चौथा प्रश्न सर्वांत खोल आहे. मोठं वर्तुळ म्हणजे जास्त ताकद का? तसं नाही. वर्तुळ किती मोठं होईल हे पदार्थ ॲगारमधून किती सहज पसरतो यावरही ठरतं. तेलकट, पाण्यात न विरघळणारं संयुग जबरदस्त असलं तरी चकतीजवळच अडकून बसतं. म्हणून अडुळशाचं वर्तुळ १४ मिलिमीटर आणि कडुलिंबाचं ११, तेव्हा अडुळसा श्रेष्ठ, असं म्हणता येत नाही. ते म्हणायचं असेल तर किमान रोधक संहती काढावी लागते : अर्क पायरीपायरीनं निम्मा निम्मा पातळ करत न्यायचा आणि कुठल्या पायरीपर्यंत वाढ थांबते ते बघायचं. अर्क हिरवा असल्यानं गढूळपणा दिसत नाही, तिथं रेझाझुरिन हा रंग वापरतात. जिवंत पेशी असतील तर निळ्याचा गुलाबी होतो.

आणि पाचवा, ज्यात मुलं हमखास फसतात. एकाच प्लेटवर एकाच अर्काच्या तीन चकत्या ठेवायच्या, तीन आकडे घ्यायचे आणि लिहायचं की प्रयोग तीनदा केला. तो एकदाच केलेला असतो. त्या तीन चकत्यांना प्लेट एक, ओतलेले जिवाणू एक, काढलेला अर्क एक. स्टुअर्ट हर्लबर्ट या परिस्थितिकी शास्त्रज्ञानं १९८४ साली या चुकीला नाव दिलं आणि क्षेत्रीय प्रयोगांवरच्या कितीतरी पेपरांत ती कशी शिरली आहे हे दाखवून दिलं. मराठीत आपण तिला आभासी पुनरावृत्ती म्हणू. खरी पुनरावृत्ती म्हणजे वेगवेगळ्या झाडांची पानं, वेगळा काढलेला अर्क, वेगळ्या दिवशीचं जिवाणूंचं संवर्धन. हे आधी लक्षात आलं तर तीन झाडांची पानं गोळा करणं सोपं असतं. परीक्षकानं तोंडी परीक्षेत विचारल्यावर लक्षात आलं तर काहीच करता येत नाही.

बघ, त्याच जुन्या विषयात किती काम निघालं. आता तुझ्या मनात एखादा छोटा, तुझा स्वतःचा प्रश्न येईल. पावसाळ्यात तोडलेल्या आणि उन्हाळ्यात तोडलेल्या पानांच्या अर्कात फरक पडतो का? सावलीत आणि उन्हात वाळवल्यानं पडतो का? असा एक प्रश्न दोन सत्रांच्या प्रकल्पाला पुरेसा आहे, आणि तो जगात आधी कुणी विचारलाय का हे शोधण्यासाठी पेपर वाचताना ते वाचन आपोआप गोड लागतं.

म्हणून सांगते, प्लेट ओतण्याआधी एक पान लिही. वर प्रश्न. खाली रिकामा तक्ता : रकाने कुठले, ओळी किती, प्रत्येक आकडा कशाचा. त्याखाली दोन वाक्यं, ‘असे आकडे आले तर मी असं म्हणेन, तसे आले तर तसं.’ हे दुसरं वाक्य लिहिता आलं नाही, म्हणजे कसेही आकडे आले तरी तू तेच म्हणणार असशील, तर तो प्रयोग करू नकोस. संख्याशास्त्राची कुठली कसोटी लावायची हेही याच पानावर ठरतं, आकडे हातात आल्यावर नाही. हे पान घेऊन मार्गदर्शकांकडे जा. ‘सर, मी काय करू?’ असं विचारणाऱ्या विद्यार्थ्याला व्यस्त मार्गदर्शक जुना विषय हातात देतात. लिहिलेलं पान घेऊन येणाऱ्या विद्यार्थ्याशी ते बोलायला बसतात, हे मी वारंवार पाहिलं आहे.

आपल्याकडच्या नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात पहिल्या सत्रात संशोधन पद्धतीचे ४ क्रेडिट आणि संशोधन प्रकल्पाचे तिसऱ्या सत्रात ४, चौथ्यात ६ ठेवलेत. म्हणजे तुझ्यापाशी अजून बराच अवधी आहे. वनस्पतीचा हंगाम मात्र वेळापत्रकाकडे बघत नाही, तेव्हा पावसाळ्यातला नमुना हवा असेल तर तो कधी गोळा करायचा हे आत्ताच ठरव.

प्रयोगवहीबद्दल थोडं. बांधीव वही, पानांना क्रमांक, पेनानं लिहायचं, खाडाखोड एका रेघेनं, व्हाइटनर नाही. त्याच दिवशी लिहायचं. जिवाणू वाढवायच्या माध्यमाचा बॅच क्रमांक, इन्क्युबेटरचं खरं तापमान, वीज गेली असेल तर किती वेळ गेली तेही. आपल्या गावांकडे वीज जाते, त्यात लपवण्यासारखं काही नाही; दोन महिन्यांनी एखादा आकडा वेगळा का आला हे त्या एका नोंदीवरून कळतं. फसलेला प्रयोगसुद्धा वहीत राहायला हवा. मार्गदर्शकांची हरकत नसेल तर निरीक्षणं मराठीत लिही. डोळ्यांना दिसलेलं आपल्या भाषेत जास्त बारकाईनं उतरतं.

आकडे संगणकावर भरताना मूळ फाइल एकदा जपून ठेवायची आणि तिला पुन्हा हात लावायचा नाही. सगळी गणितं तिच्या प्रतीवर. एक्सेल आपल्याला न विचारता बदल करतं, हे ध्यानात ठेव. सेप्ट-२ नावाच्या जनुकाचं ते ‘२ सप्टेंबर’ करून टाकतं. २०१६ साली झालेल्या तपासणीत, जनुकांच्या एक्सेल याद्या जोडलेल्या पेपरांपैकी जवळपास एक पंचमांशांत असे बिघाड सापडले. शेवटी २०२० मध्ये जनुकांना नावं देणाऱ्या समितीनंच अशा जनुकांची नावं बदलली. फोटोंच्या बाबतीतही हाच नियम : मूळ फोटो जसाच्या तसा ठेवायचा. डीएनए किंवा प्रथिनांच्या जेलच्या फोटोतला एखादा पट्टा ‘जरा स्वच्छ करून’ टाकावासा वाटला तरी टाकायचा नाही. एलिझाबेथ बिक या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०,६२१ पेपर डोळ्यांनी तपासले, त्यांतल्या ३.८ टक्के पेपरांत आकृत्या संशयास्पद निघाल्या. २०१६ साली हे प्रसिद्ध झालं. त्यातल्या काही गडबडी अशा ‘जरा’पासूनच सुरू झाल्या असतील, असं मला वाटतं.

आता प्रत्यक्ष लेखन. प्रबंध पहिल्या प्रकरणापासून लिहायला बसायचं नाही. कार्यपद्धती सर्वांत आधी, प्रयोग चालू असतानाच, कारण तेव्हा सगळं आठवतं. मग तक्ते आणि आकृत्या. मग त्यांत काय दिसतंय ते सरळ वाक्यांत, म्हणजे निष्कर्ष. मग चर्चा, त्यानंतर प्रस्तावना, आणि सारांश अगदी शेवटी. ‘प्राचीन काळापासून मानव वनस्पतींचा औषधासाठी उपयोग करत आला आहे’ हे वाक्य मी इतक्या प्रबंधांच्या पहिल्या ओळीत वाचलंय की माझी तुला विनंतीच आहे, ते लिहू नकोस. तुझ्या प्रश्नापासून सुरू कर.

आणि जेवढं दिसलं तेवढंच लिही. ‘अडुळसा हे प्रभावी प्रतिजैविक असल्याचं सिद्ध झालं’ हे वाक्य खोटं आहे, जरी प्रयोग खरा असला तरी. ‘सावलीत वाळवलेल्या पानांच्या मिथेनॉल अर्कानं स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूच्या एका वाणाची वाढ रोखली, ई. कोलायवर परिणाम दिसला नाही’ हे खरं आहे. दुसरं वाक्य लहान दिसतं, पण परीक्षकासमोर त्याच्यामागे तुला ठामपणे उभं राहता येईल. ई. कोलायवर परिणाम दिसला नाही हाही निष्कर्षच आहे. तो गाळायचा नाही.

पानं वाढवायच्या मागे लागू नकोस. जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी यांचं नाव तू ऐकलं असशील. १९३३ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांना मुलगी म्हणून प्रवेश नाकारला गेला होता, त्या हटून बसल्या आणि त्यांनी तो मिळवला. पुढं केंब्रिजला वनस्पतींच्या पेशींतल्या सायटोक्रोम-सी या प्रथिनावर काम करून १९३९ मध्ये त्यांनी पीएच.डी. मिळवली. तो प्रबंध जेमतेम चाळीस पानांचा होता. पुढं त्या मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या संचालक झाल्या. आपल्याकडे एम.एस्सी.चा प्रबंध शंभर पानांचा व्हावा म्हणून मुलं उपकरणांचे फोटो चिकटवतात, तेव्हा मला त्या चाळीस पानांची फार आठवण येते.

उचलेगिरीबद्दल तू थेट विचारलं नाहीस, पण ‘तसं करायचं नाही’ या तुझ्या वाक्यात ते आलंच. नियम सांगून ठेवते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार पदव्युत्तर प्रबंधांनाही तपासणी लागू आहे. १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शिक्षा नाही. त्यावर ४० टक्क्यांपर्यंत असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचं. ४० ते ६० टक्क्यांना एक वर्ष सुधारित प्रबंध देता येत नाही. ६० च्या पुढं नोंदणीच रद्द. पण आकडा खाली आणण्यासाठी शब्द बदलत बसणं हा उपाय नव्हे. मुलं मुळात चोर नसतात. पेपर वाचताना चांगली वाटलेली ओळ वहीत जशीच्या तशी उतरवतात, तीन महिन्यांनी ती कुणाची ते विसरतात, आणि ती प्रबंधात जाते. उचलेगिरी टिपणांतच सुरू होते.

इथं तुझं मराठी माध्यम तुझ्या बाजूनं उभं राहतं. पेपर वाच. मिटून ठेव. काय कळलं ते मराठीत लिही, शेजारी लेखकाचं नाव आणि वर्ष. दुसऱ्या दिवशी फक्त मराठी टिपण समोर ठेवून त्यावरून इंग्रजी लिही, छोट्या छोट्या वाक्यांत. मूळ इंग्रजी ओळ समोर नसल्यानं ती उतरवलीच जाणार नाही. आणि जे मराठीत सांगता येणार नाही ते तुला कळलेलंच नाही, हे तुला तिथल्या तिथं समजेल. शिकलेलं इंग्रजी तोंडपाठ असलेल्या मुलाला ही चाळणी मिळत नाही. असं इंग्रजी पहिल्यांदा मोडकं येईल. येऊ दे. मोडकं वाक्य दुरुस्त करता येतं. प्रजातीचं नाव तिरप्या अक्षरांत, पहिल्यांदा पूर्ण आणि नंतर संक्षेपानं, कार्यपद्धती भूतकाळात, असे नियम थोडेच आहेत, महिन्याभरात अंगवळणी पडतात.

एआयबद्दल माझं मत सरळ आहे. तू स्वतः लिहिलेल्या परिच्छेदाचं व्याकरण तपासायला त्याची मदत घेणं तुझ्या विभागाला चालत असेल तर घे, आणि घेतली असं प्रबंधात लिही. त्याला लिहायला सांगू नकोस. एक तर ते अस्तित्वातच नसलेले संदर्भ तयार करून देतं, लेखकाच्या नावासकट, वर्षासकट, आणि ते दिसायला अगदी खरे दिसतात. प्रत्येक संदर्भाचा डीओआय (पेपरचा कायमचा ऑनलाइन ओळखक्रमांक) उघडून बघितल्याशिवाय यादीत घालू नये, हा नियम कुठूनही आलेल्या संदर्भाला लाव. आणि दुसरं म्हणजे, ज्या दोन वर्षांत तुला विचार करायला शिकायचंय, त्याच दोन वर्षांत विचार करण्याचं काम दुसऱ्याकडे सोपवलंस तर हाती पदवी येईल, पण शिकायचं होतं ते राहून जाईल. संदर्भांची यादी सांभाळायला झोटेरो हे फुकट सॉफ्टवेअर आजच उतरवून घे. शेवटच्या आठवड्यातल्या कितीतरी रात्री वाचतील.

लवकरच तुला ईमेल येऊ लागतील : तुमचा पेपर आठवड्यात छापू, एवढे पैसे भरा. उत्तर देऊ नकोस. विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्य नियतकालिकांची यूजीसी-केअर यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे नियतकालिक पारखण्याची जबाबदारी आता आपल्यावरच आहे. साधी पारख ही, की तू वाचलेल्या चांगल्या पेपरांच्या संदर्भयाद्यांत त्या नियतकालिकाचं नाव येतं का? एम.एस्सी.ला पेपर छापून आलाच पाहिजे असंही काही नाही.

आणि आता ती दहा मिनिटं. चौदा पानं सांगायचा प्रयत्न करू नकोस. प्रश्न काय होता, एका मिनिटात सांग. मग एकच आकृती निवड, जी तुला पूर्ण कळली आहे, आणि सहा-सात मिनिटं तिच्यावरच बोल : काय मोजलं, कसं मोजलं, नियंत्रण कुठलं होतं, काय दिसलं. शेवटी तुला न कळलेली एक गोष्ट वर्गासमोर मोठ्यानं विचार. सर रागावणार नाहीत. पेपर खरंच वाचलाय हे त्या प्रश्नावरूनच त्यांना कळेल. विभागात परवानगी असेल तर मराठी मिसळून बोल. नसेल तर सहा इंग्रजी वाक्यं आधी लिहून काढ, खोलीतल्या मैत्रिणीला दोनदा म्हणून दाखव, आणि तेवढीच बोल.

झाल्यावर ते उभ्या रेघेचं पान मला पाठव. डावा रकाना आणि उजवा रकाना, मराठीतच. मी वाचून उत्तर देईन.

सस्नेह,
तुझी मॅडम